हे खातं कोणाचं?

गेल्या अंकात 'सरकारी कार्यालयांबद्दल काहीही विचारा' असं लिहून बसले आणि पत्रांचा गठ्ठाच आला. दिल्लीत एकतीस वर्षं फाइली हलवल्या. सहायक म्हणून चिकटले, उपसचिव म्हणून बाहेर पडले, आता पुण्यात नातवाच्या शाळेची बस सांभाळते. त्यामुळे उत्तरं द्यायला वेळ आहे. नेहमीप्रमाणे पत्रलेखकांची नावं छापत नाही, फक्त गावं.

प्रश्न : वडिलांच्या उपचारांसाठी परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये वर्षभर ये-जा केली. तिथल्या कागदांवर 'अणुऊर्जा विभाग, भारत सरकार' असं वाचलं. कॅन्सरच्या दवाखान्याचा अणुबाँबशी काय संबंध? हॉस्पिटल टाटांचं की सरकारचं? आणि सरकारचं असेल तर आरोग्य खात्याचं का नाही? (इचलकरंजी)

ताई, या सदरासाठी मी वाट बघत होते तो हाच प्रश्न. हॉस्पिटल टाटांनी बांधलं, आरोग्य खात्यानं काही वर्षं सांभाळलं आणि अणुऊर्जा खात्यानं कायमचं ठेवून घेतलं.

सर दोराबजी टाटा ट्रस्टनं २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू केलं. १९५७ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं ताब्यात घेतलं आणि १९६२ मध्ये त्याचा कारभार अणुऊर्जा विभागाकडे गेला. तेव्हा त्या विभागाचे सर्वेसर्वा होते होमी भाभा. अणूचा उपयोग भट्टीपुरता नाही, औषधोपचारातही मोठा आहे, हे त्यांचं म्हणणं. कॅन्सरच्या कित्येक किरणोपचारांना किरणोत्सारी पदार्थ लागतात, ते अणुभट्टीत तयार होतात आणि भट्टी तर परळपासून काही मैलांवर तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला. म्हणजे बाँबचा नव्हे, औषधाचा संबंध.

आता गंमत बघा. हा सगळा विभागच दिल्लीत नाही. ३ ऑगस्ट १९५४ ला तो निघाला, थेट पंतप्रधानांच्या हाताखाली. त्याचं सचिवालय आजही मुंबईत, गेटवेच्या अलीकडे अणुशक्ती भवनात आहे. केंद्र सरकारचे बाकीचे सचिव शास्त्री भवन, कृषी भवन, उद्योग भवनाच्या जिन्यांवर भेटायचे. हे एक साहेब विमानानं यायचे. (अंतराळ विभागाचेही तसेच, ते बंगळुरूहून.) आमच्याकडून त्यांना कागद पाठवायचा तर टपालवाला विचारायचा, 'मॅडम, हे भारत सरकारच ना?'

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मात्र पुढे आहे. या एकाच विभागाच्या छपराखाली सरकारी संस्थांच्या निरनिराळ्या जाती नांदतात. भाभा अणुसंशोधन केंद्र हा विभागाचाच एक अवयव. तिथला शास्त्रज्ञ मी होते तसाच केंद्र सरकारचा नोकर. तारापूरची वीज काढणारी न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन ही १९८७ मध्ये नोंदलेली कंपनी. तिला संचालक मंडळ आहे, ताळेबंद आहे, नफा-तोटा आहे. कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि तुमचं परळचं हॉस्पिटल या स्वायत्त संस्था. पैसा विभागाच्या अनुदानातून, पण नेमणुका, खरेदी, रोजचा कारभार त्यांच्या त्यांच्या परिषदेकडे. म्हणून मी कोणालाही सांगते, कार्यालयाची पाटी वाचू नका, जन्मदाखला बघा. ते कोणत्या कागदावर जन्मलं? घटनेच्या कलमावर, संसदेच्या कायद्यावर, मंत्रिमंडळाच्या ठरावावर, की कंपनी किंवा सोसायटीच्या नोंदणीवर? तो कागद कळला की त्याला कोण हलवू शकतो, कोण बंद करू शकतो, कोणाकडे दाद मागायची हे आपोआप कळतं.

नागपूरचं एम्स घ्या. तेही केंद्राचं, तेही हॉस्पिटल. पण त्याचा जन्मदाखला म्हणजे १९५६ चा एम्स कायदा आणि पालक आरोग्य मंत्रालय. उद्या तुम्हाला परळबद्दल माहिती हवी असेल तर आरोग्य मंत्रालयाला लिहून उपयोग नाही. अर्ज हॉस्पिटलच्याच माहिती अधिकाऱ्याकडे करायचा. चुकून भलतीकडे गेला तरी माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे त्यांनी तो पाच दिवसांत योग्य जागी पाठवायचा असतो. पाठवतात का? बहुतेक पाठवतात. आमच्या अनुभागात तरी पाचव्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला हमखास निघायचा.

प्रश्न : आम्ही कोकण रेल्वेनं जातो पण गाडी मध्य रेल्वेची, तिकीट तिसऱ्याच कंपनीच्या ॲपवर. कोकण रेल्वे ही रेल्वे आहे की कंपनी? आणि रेल्वे अपघाताची चौकशी विमान खात्याकडे असते असं धाकटा सांगतो. तो थापा मारतोय ना? (चिपळूण)

धाकट्याला पेढा द्या. त्याच्याकडे शेवटी येते.

मध्य, पश्चिम, दक्षिण मध्य हे रेल्वे खात्याचे झोन. त्यांना वेगळा जन्मदाखला नाही, ते खात्याच्या पोटातच आहेत. कोकण रेल्वे ही १९ जुलै १९९० रोजी नोंदलेली कंपनी आहे आणि मुख्य कार्यालय बेलापूरला. त्या वेळी केंद्रात विश्वनाथ प्रताप सिंहांचं सरकार होतं. रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस मंगळुरूचे, अर्थमंत्री मधु दंडवते राजापूरचे खासदार. दोघांच्याही जिवाचा मार्ग, पण रेल्वेच्या नेहमीच्या तिजोरीतून तो कधी झाला असता कोण जाणे. म्हणून कंपनी काढली. कंपनी असली की रोखे काढून बाजारातून पैसा उभा करता येतो, खात्याला तसं जमत नाही. सुरुवातीचं भांडवल केंद्राचं ५१ टक्के, महाराष्ट्राचं २२, कर्नाटकाचं १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६. ई. श्रीधरन पहिले अध्यक्ष. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत साधारण ७४० किलोमीटर, आणि २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग खुला झाला. आठ वर्षांत! तेवढ्या काळात आमच्या मंत्रालयात एक जिना दुरुस्त झाला नव्हता.

पण कंपनी म्हणजे कर्ज फेडायचंही आपणच. दुपदरी मार्ग, नवी स्थानकं यांना झोनला अर्थसंकल्पातून मिळतो तसा पैसा मिळत नाही, म्हणून विलीनीकरणाची मागणी कोकणात वर्षानुवर्षं चालू आहे. दुसरी बाजूही सांगते. झोन झाल्यावर बेलापूरचं कार्यालय इतर झोनांच्या रांगेत उभं राहील आणि गणपतीच्या जादा गाड्यांसाठी दिल्लीची मान हलायची वाट बघेल. मला स्वतःला विलीनीकरणाची फार घाई करावी असं वाटत नाही. चिपळूणकरांनी मला शिव्या घालायला हरकत नाही, पत्ता संपादकांकडे आहे.

आता विमान खातं. रेल्वे सुरक्षा आयुक्त हा रेल्वेचा माणूस नसतो, म्हणजे तो येतो बहुतेक रेल्वेतूनच, पण ज्या खात्याखाली बसतो ते नागरी विमान वाहतूक मंत्रालय. कारण अगदी आपल्या घरातलं आहे. पोळी करपली की करपवणाऱ्यालाच विचारायचं का, 'कशी झाली?' १९४१ मध्ये ब्रिटिशांनी रेल्वेचे निरीक्षक रेल्वे बोर्डाच्या हाताखालून काढले आणि टपाल व हवाई वाहतुकीच्या खात्याकडे दिले. तेव्हापासून ती व्यवस्था टिकली. नवा मार्ग प्रवाशांसाठी उघडायचा तर आधी आयुक्त तपासणार, मोठा अपघात झाला तर चौकशी तोच करणार. पुणे मेट्रोच्या बातम्यांत 'सीएमआरएसची परवानगी बाकी' असं यायचं ना? तेही याच घरचे, मेट्रो सुरक्षा आयुक्त. एवढा शहाणा निर्णय सरकारी रचनेत क्वचित सापडतो. दोन खात्यांमधली भिंत इथे मुद्दाम ठेवली आहे. एरवी आपण ती पाडायला निघतो.

प्रश्न : सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसून 'घटनात्मक, वैधानिक, कार्यकारी' असा तक्ता पाठ करतोय. परीक्षेपलीकडे त्याचा काही उपयोग असतो का? (सध्या पुणे, मूळ गाव अहमदपूर)

तक्ता पाठ कर, पण त्यातल्या संस्था जागच्या जागी बसत नाहीत हेही लक्षात ठेव. सेबी १९८८ मध्ये निघाली तेव्हा तिच्यामागे कायदा नव्हता. शेअर बाजारातल्या लबाडाला ती फारतर डोळे वटारू शकत होती. १९९२ च्या कायद्यानं हातात छडी आली. केंद्रीय दक्षता आयोग १९६४ च्या ठरावावर जन्मला, कायदा मिळायला २००३ उजाडलं. आधारचं प्राधिकरण २००९ मध्ये नियोजन आयोगाचं एक संलग्न कार्यालय होतं. तुझ्या घरातल्या पहिल्या आधार कार्डासाठी बोटांचे ठसे घेतले तेव्हा बहुधा त्या प्राधिकरणाला स्वतःचा कायदाच नव्हता, तो २०१६ मध्ये आला.

आणि नियोजन आयोग? १९५० च्या मार्चमध्ये मंत्रिमंडळाच्या एका ठरावानं आला, पासष्ट वर्षं राज्यांना पैशासाठी आपल्या दारात बसवलं आणि १ जानेवारी २०१५ ला दुसऱ्या ठरावानं गेला. त्याच्या जागी आलेला नीती आयोगही ठरावावरच उभा आहे. याउलट वित्त आयोग घटनेच्या कलम २८० मधला, निवडणूक आयोग कलम ३२४ मधला. त्यांना ठरावानं घरी पाठवता येत नाही, घटना बदलावी लागते. उपयोग हा आहे. दिल्लीत कुठल्या संस्थेला कोणाची भीती वाटते, हे तक्त्यातल्या रकान्यावरून कळतं.

एक गृहपाठ देते. शिवाजीनगरला जा आणि 'शिमला ऑफिस' कुठे ते विचार. पुण्यात शिमला कुठून आलं? हवामान खातं १८७५ मध्ये कोलकात्यात निघालं, १९०५ मध्ये त्याचं मुख्यालय शिमल्याला गेलं, १९२८ मध्ये पुण्यात आलं आणि १९४४ मध्ये दिल्लीला. मुख्यालय गेलं, शिमल्याचं नाव पुणेकरांच्या तोंडी राहिलं. खातंही फिरतच होतं. एके काळी पर्यटन आणि विमान वाहतुकीखाली, मग विज्ञान-तंत्रज्ञानाखाली, २००६ पासून पृथ्वी विज्ञान मंत्रालयाखाली. तिथून पाषाणला जा. उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था. ती १९६२ मध्ये याच खात्याचा भाग म्हणून सुरू झाली आणि १९७१ मध्ये स्वायत्त झाली. दोघांचा विषय एकच, पाऊस. पण शिवाजीनगरचा माणूस सरकारी नोकर आणि पाषाणचा संस्थेचा. मुलाखतीत हे सांगितलंस तर समोरचे साहेब खुर्चीत सरळ होतील.

प्रश्न : २०२१ मध्ये केंद्रानं सहकार मंत्रालय काढलं. संसदेत चर्चा झाल्याचं आठवत नाही. एक अख्खं मंत्रालय असं रातोरात काढता येतं? मग आमच्या कारखान्यावर आता राज्याचं चालणार की केंद्राचं? (वाळवा तालुका)

रातोरात येतं, दादा, आणि कायद्यानं येतं. घटनेचं कलम ७७(३) म्हणतं की सरकारच्या कामाची मंत्र्यांमध्ये वाटणी राष्ट्रपती नियमांनी करतील. ते नियम १९६१ चे, कार्यवाटप नियम. आम्ही सगळे नुसतं 'अलोकेशन' म्हणायचो. त्यात कोणत्या खात्याकडे कोणता विषय याची लांबलचक यादी आहे. यादीत एक दुरुस्ती केली की नवं मंत्रालय तयार. ६ जुलै २०२१ ला तेच झालं. तोवर सहकार हा कृषी मंत्रालयातला एक कोपरा होता. मंत्री किती असावेत यावर मात्र घटनेचा लगाम आहे, लोकसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्के, म्हणजे ५४३ ला ८१. मंत्रालयं किती, यावर नाही.

पण मंत्रालय काढल्यानं अधिकार वाढत नाहीत. सहकारी संस्था हा राज्य सूचीतला विषय आहे. तुमचा कारखाना महाराष्ट्राच्या कायद्याखाली नोंदलेला असेल तर त्याची निवडणूक, लेखापरीक्षण, प्रशासक हे सगळं राज्याचंच. एकापेक्षा जास्त राज्यांत पसरलेली संस्था असेल तर ती केंद्राची. त्याच जुलैच्या २० तारखेला सर्वोच्च न्यायालयानं सहकारी संस्थांबद्दलच्या ९७ व्या घटनादुरुस्तीचा राज्यातल्या संस्थांना लागू होणारा भाग रद्द ठरवला, हा योगायोग सांगून ठेवते. केंद्राच्या हातात उरतो तो पैसा. राष्ट्रीय सहकार विकास निगमाचं कर्ज याच नव्या मंत्रालयाच्या छत्राखालून येतं. आणि ज्याच्या हातात कर्ज, त्याचा फोन आपण पहिल्या घंटीला उचलतो, हे तुम्हाला वाळव्यात मी काय सांगू.

उसाचं तर विचारूच नका. एफआरपीची, म्हणजे उसाच्या किमान दराची, शिफारस करणारा आयोग कृषी मंत्रालयाचा, साखरेचा कोटा ठरवणारं खातं अन्न मंत्रालयाचं, इथेनॉल घेणाऱ्या तेल कंपन्या पेट्रोलियमच्या आणि गाळप परवाना पुण्याच्या साखर आयुक्तांचा. एका उसाच्या चार कांड्या, चार ठिकाणी.

प्रश्न : समुद्रातल्या अडचणींबद्दल दिल्लीला लिहिलं की पत्र या खात्याकडून त्या खात्याकडे फिरतं. नेमकं कोणाला लिहावं? (मालवण)

भाऊ, या बाबतीत मी आरोपी आहे. नव्वदच्या दशकात मी एका मंत्रालयात (नाव सांगत नाही, त्यांची आधीच पुष्कळ बदनामी आहे) सहायक होते, आमच्या भाषेत 'डीलिंग हँड'. किनाऱ्यावरच्या एका मच्छीमाराचं पत्र माझ्या टेबलावर आलं. मी त्यावर 'पीयूसी'ची चिठ्ठी लावली, म्हणजे विचाराधीन कागद. पत्रात तीन गाऱ्हाणी होती. खडकावरचा दिवा बंद आहे, बाहेरचे ट्रॉलर जाळी फाडतात आणि कस्टमवाले होडी अडवतात. मी पहिली ओळ वाचली, दिव्याचं म्हणून मूळ पत्र भूतल परिवहन मंत्रालयाकडे धाडलं आणि मोकळी झाले. प्रत ठेवली नाही. चार महिन्यांनी ते परत आलं. पहिल्या गाऱ्हाण्याचं उत्तर होतं, उरलेल्या दोनांसमोर 'या मंत्रालयाशी संबंधित नाही'. तोवर मासेमारीचा हंगाम संपला होता.

तेव्हा शिकले ते सांगते. एका पत्रात एकच विषय. दीपस्तंभ आणि दिवे आता बंदरे व नौवहन मंत्रालयाकडे. कस्टम अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाकडे. तटरक्षक दल संरक्षण मंत्रालयाचं. वादळाचा इशारा पृथ्वी विज्ञानचा. आणि ट्रॉलरचं तर बारा सागरी मैलांच्या आत राज्याच्या मत्स्य विभागाकडेच जावं लागतं, दिल्ली तिथे फक्त सहानुभूती दाखवते. शंका असेल तर मंत्रिमंडळ सचिवालयाच्या संकेतस्थळावर 'अलोकेशन'ची दुसरी अनुसूची आहे ती उघडा. भाषा रटाळ आहे, पण खात्यांनी 'आमचं नाही' म्हटलं की त्यातला क्रमांक लिहून पाठवा, जादूसारखा परिणाम होतो.

आणि समुद्राचं एवढं काय, तुमच्या परसातला माड घ्या. नारळ विकास मंडळ कृषी मंत्रालयाचं, काथ्या मंडळ लघुउद्योग मंत्रालयाचं. खोबरं एका मंत्र्याचं, सोडण दुसऱ्याचं.

प्रश्न : मुलीला केंद्र सरकारात नोकरी लागली. पत्रात लिहिलंय, 'द प्रेसिडेंट इज प्लीज्ड टु अपॉइंट'. खाली सही अवर सचिवांची. राष्ट्रपतींनी खरंच पाहिलं का? सासूबाई देवापुढे ठेवून बसल्यात. (फलटण)

देवापुढे ठेवायला हरकत नाही, राष्ट्रपतींनी मात्र पाहिलेलं नाही. कलम ७७ म्हणतं की केंद्र सरकारचं प्रत्येक काम राष्ट्रपतींच्या नावानं व्यक्त व्हावं, आणि सही करून ते खरं ठरवण्याचा अधिकार नियमांनी अवर सचिवापासून वरच्यांना दिलेला आहे. आपल्या राज्याच्या शासन निर्णयाखाली 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' असं छापलेलं असतं ना, त्याचंच दिल्लीतलं रूप. कोकण रेल्वेतले केंद्राचे शेअरसुद्धा राष्ट्रपतींच्याच नावावर असतात.

आस्थापना अनुभागात असताना अशी शेकडो पत्रं मी स्वतः तयार केली. नाव, पद, वेतनस्तर बदलायचा, बाकी मजकूर तोच. दुपारच्या चहाआधी राष्ट्रपती दहा-बारा वेळा तरी आनंदित व्हायचे. मला अवर सचिव केलं तेव्हाही झाले होते. मी नव्हते, कारण त्याच आदेशानं मला ज्या इमारतीत पाठवलं तिथे पंख्याखालची एकही जागा रिकामी नव्हती.